ठोकळ्यांची बग्गी – कशी केली, कशी पळाली आणि उन्हात का थांबली?



विज्ञान दिनाला आपल्या शाळेत मी जी लाल-पिवळी गाडी आणली होती, ती तुम्ही पाहिलीच. गाडी मधेच थांबली तेव्हा हसणारेही पुष्कळ होते. त्यानंतर खूप जणांनी विचारले, "गं, ती गाडी चालते कशी? विकत आणली का?" म्हणून गुरुजी म्हणाले, "सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढ." म्हणून हा लेख.

आधीच सांगते, गाडी अशी तयार विकत मिळालेली नाही. ती सुट्या ठोकळ्यांची आहे. ठोकळे माझ्या पुण्याच्या मामेभावाचे, म्हणजे दादाचे. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ती बांधायला घेतली. येताना दादाने सगळे सामान डब्यात भरून मला दिले आणि एकच अट घातली, "एकूण तुकडे दोनशे चौदा. दिवाळीला दोनशे चौदाच परत पाहिजेत." ही अट लक्षात ठेवा, शेवटी तिचे काम आहे.

ठोकळ्यांचा जन्म एका सुताराच्या घरी

या ठोकळ्यांचे नाव लेगो. ते डेन्मार्क देशातले. तिथे बिलुंड नावाचे एक छोटे गाव आहे. त्या गावात ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचे सुतार राहत होते. मंदीमुळे घरे बांधण्याची कामे मिळेनात, तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांनी त्यांनी लेगो हे नाव घेतले. त्यांच्या भाषेत 'लाय गॉट' म्हणजे 'छान खेळ', त्यातली पहिली अक्षरे घेऊन हे नाव झाले. १९४२ साली त्यांचा कारखाना जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला.

आज आपण पाहतो तो, वर टेंगळे आणि आत नळ्या असलेला प्लॅस्टिकचा ठोकळा १९५८ सालचा. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला गेला. गंमत म्हणजे त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो! नंतर १९७७ साली दात्यांची चाके, आस आणि भोके असलेल्या पट्ट्या असे यंत्रे बनवायचे संच निघाले. माझी गाडी अशाच सामानाची आहे.

माझे आजोबाही सुतार आहेत. बैलगाडीची चाके करायचे. मी डबा उघडला तेव्हा ते म्हणाले, "काय गं, हे प्लॅस्टिकचं खेळणं घेऊन बसलीस? अभ्यास नाही का?" मी म्हटले, "आजोबा, ही बग्गी आहे." तर म्हणतात, "बग्गी? मग घोडा कुठाय?" मी काहीच बोलले नाही. पण गाडी आजोबांसमोर पळवून दाखवायचीच, असे तेव्हाच ठरवले.

गाडीत काय काय आहे?

१. सेलचा डबा – यात सहा सेल बसतात.
२. दोन मोटारी – मागच्या प्रत्येक चाकाला एक.
३. वळवणारी मोटार – ही गोल गोल फिरत नाही. डावीकडे थोडी, उजवीकडे थोडी वळते आणि खटका सोडला की आपोआप मध्यावर येते. तिच्यापुढे एक दातेरी चाक आणि एक दातेरी पट्टी आहे. चाक फिरले की पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि पुढची चाके वळतात.
४. डोळा – म्हणजे रिमोटचा इशारा पकडणारी डबी. तिच्यावर काळसर काच आहे.
५. रिमोट – दोन खटक्यांचा. एक पुढे-मागे जाण्यासाठी, दुसरा वळण्यासाठी.
६. पट्ट्या, खिळ्या, आस, दातेरी चाके आणि रबरी टायर.

दोन मोटारी कशाला?

पहिल्यांदा आम्ही मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवली. गाडी सरळ छान जायची, पण वळताना चाक खरडायचे आणि गाडी अडखळायची. का, ते दादालाही लवकर कळेना.

इथे आल्यावर आजोबांच्या बैलगाडीकडे पाहताना मला ते कळले. बैलगाडीचा आस फिरत नाही. चाके आसावर सुटी फिरतात. गाडी वळते तेव्हा आतले चाक थोडे फिरते आणि बाहेरचे जास्त, कारण बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता कापायचा असतो. कवायतीत रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि कडेचा मुलगा धावतो ना, तसेच. माझ्या गाडीत दोन्ही चाके एकत्र जखडली होती, म्हणून एक चाक घासत होते.

मोठ्या मोटारगाडीत यासाठी मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. मी सोपा उपाय केला. आस मधून तोडला, म्हणजे दोन छोटे आस घेतले, आणि प्रत्येक चाकाला वेगळी मोटार दिली. दोन्ही मोटारींच्या तारांची टोके एकावर एक बसतात, त्यामुळे एकाच खटक्यावर दोन्ही चालतात.

वेग कसा वाढवला?

आता मुख्य गोष्ट. नुसती चालणारी गाडी कोणीही करील. मला पळणारी हवी होती.

आधी हिशेब करू. चाकाचा व्यास ६.२ सेंटिमीटर. परिघ काढायचे सूत्र आपल्याला माहीत आहे. ६.२ ला २२ ने गुणून ७ ने भागले की सुमारे १९.५ सेंटिमीटर येतात. म्हणजे चाक एकदा फिरले की गाडी साडेएकोणीस सेंटिमीटर पुढे. ही मोटार काही ओझे नसताना मिनिटाला ३९० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेसहा. साडेसहा गुणिले साडेएकोणीस म्हणजे सुमारे १२७ सेंटिमीटर. सेकंदाला सव्वा मीटर!

पण हे कागदावर. आपल्या शाळेच्या पडवीत मी टेपने दहा मीटर मोजून दोन खडूच्या रेघा मारल्या. मैत्रीण घड्याळ घेऊन उभी राहिली. मोटार सरळ चाकाला जोडलेली असताना दहा मीटरला दहा सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला एकच मीटर. गाडीचे वजन ओढण्यात आणि घासण्यात बाकीची शक्ती जाते.

मग दातेरी चाके वापरली. मोटारीवर मोठे दातेरी चाक आणि गाडीच्या चाकावर लहान. सायकलला पायडलपाशी मोठे दातेरी चाक असते आणि मागे लहान, अगदी तसेच. मोठे एकदा फिरले की लहान पुष्कळदा फिरते.

या ठोकळ्यांची एक सोय सांगते. दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर नेहमी ८ मिलिमीटर असते. आणि दातेरी चाकाला जितके दाते, तितके मिलिमीटर त्याचा व्यास, असे धरून चालते. म्हणून दोन चाकांच्या दात्यांची बेरीज ३२ झाली की ती चाके दोन भोकांच्या अंतरावर बरोबर बसतात. २४ आणि ८, २० आणि १२, १६ आणि १६. बेरीज ४८ झाली तर तीन भोकांच्या अंतरावर. पाहा बरे, गणित किती उपयोगी पडते ते!

मला हाव सुटली. मी २४ आणि ८ ची जोडी लावली. २४ ला ८ ने भागले की ३. म्हणजे तिप्पट वेग! खटका दाबला. मोटारी नुसत्या गुणगुणल्या. गाडी हलेचना. हाताने ढकलली तर हातभर गेली आणि थांबली.

मला रडूच आले. वाटले, दादाच्या मोटारी जळल्या. पण वास आला नाही, आणि थोड्या वेळाने मोटारी पुन्हा फिरू लागल्या. जास्त वीज ओढली गेली की ती डबी आपणच वीज तोडते, हे मला दादाने फोनवर सांगितले.

चूक अशी की वेग फुकट मिळत नाही. वेग तिप्पट केला की चाकाला ढकलण्याचा जोर एक-तृतीयांश उरतो. गियरच्या सायकलवर घाट चढताना जड गियर टाकला तर पाय हलत नाहीत, तसे माझ्या मोटारींचे झाले.

मग मधला मार्ग घेतला. मोटारीवर २० दात्यांचे चाक, गाडीच्या चाकावर १२ दात्यांचे. २० भागिले १२ म्हणजे पावणेदोनच्या जरा आत. गाडी सुटली! दहा मीटरला सात सेकंद.

आजोबांची कैची

पण नवीनच तक्रार सुरू झाली. गाडी जोरात निघताना 'कट कट कट' असा आवाज येऊ लागला. दातेरी चाके एकमेकांवरून घसरत होती. दोन दिवस मी चाकेच बदलत बसले.

तिसऱ्या दिवशी आजोबा ओट्यावर बसून पाहत होते. न राहवून ते म्हणाले, "आण इकडे." त्यांनी गाडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबली. "हे बघ, सांगाडाच लचकतोय. आस एकाच बाजूनं धरलाय, दुसऱ्या बाजूनं मोकळा. मग तो पळणारच की दूर. दोन्हीकडून धर त्याला. आणि छपराला कैची असते तशी तिरकी पट्टी दे."

तिरकी पट्टी कुठल्या भोकात बसवायची ते मला जमेना. पट्टी थोडी लांब व्हायची नाहीतर थोडी आखूड. तेव्हा आजोबांनी विचारले, "गुण्या नसला तर काटकोन कसा बघतात, माहिताय का? तीन, चार, पाच." आणि मला एकदम पायथॅगोरसचा सिद्धांत आठवला! तीनचा वर्ग ९, चारचा वर्ग १६, बेरीज २५, म्हणजे पाचचा वर्ग. एका बाजूने तीन घरे, दुसऱ्या बाजूने चार घरे, की तिरकी पट्टी पाच घरांची बरोबर बसते. फक्त भोके मोजताना एक जास्त मोजायचे, कारण तीन घरांना चार भोके लागतात. आजोबा चौथीच शिकलेत, पण पायथॅगोरस त्यांच्या हातात आहे.

कैची दिल्यावर कटकट बंद झाली ती झालीच.

वजन आणि सेल

मग वजन कमी केले. शोभेचे ठोकळे काढले. सेलचा मोठा डबा काढून दादाने दिलेला लहान डबा लावला. एक पेन्सिल सेल साधारण २४ ग्रॅमचा असतो, म्हणजे सहा सेलचे जवळजवळ दीडशे ग्रॅम. बारीक सेल त्याच्या निम्म्याचाही भरत नाही. नुसत्या सेलमध्येच पाऊणशे ग्रॅम वाचले. बारीक सेल लवकर संपतात एवढाच तोटा. आता दहा मीटरला सहा सेकंद लागले.

सेलची आणखी एक गोष्ट. साध्या नव्या सेलची वीज दीड व्होल्ट, सहांची मिळून नऊ. पुन्हा पुन्हा चार्ज करायच्या सेलची सव्वाच्या जरा खाली, १.२ व्होल्ट, म्हणजे सहांची ७.२. त्यामुळे गाडी थोडी मंद पळते, पण खर्च वाचतो. रोजच्या सरावाला मी चार्जचे सेल वापरले आणि नवे सेल विज्ञान दिनासाठी जपून ठेवले.

सहा सेकंदांत दहा मीटर म्हणजे तासाला सहा किलोमीटर. आई शेतावर भरभर चालते त्याहून थोडा जास्त वेग. ऐकायला कमी वाटतो, पण वीतभर उंचीची गाडी जमिनीलगत पळते तेव्हा डोळ्यांना तो फार वाटतो.

विज्ञान दिनाची फजिती

२८ फेब्रुवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध लावला, म्हणून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. पटांगणात पालक बसले होते. आजोबा धोतर-टोपी घालून पुढच्या रांगेत. सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन चांगलेच तापले होते.

माझा नंबर आला. मी गाडी पटांगणाच्या मधोमध ठेवली. नवे सेल घातले होते. चार पावले मागे आले आणि खटका दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. गाडी तिथेच. मागून कोणीतरी म्हणाले, "धक्का मारा!" सगळे हसले. मी आजोबांकडे बघितलेच नाही.

गुरुजी जवळ आले. हळूच म्हणाले, "घाबरू नको. एकेक तपास." त्यांनी आपला मोबाइल काढला, कॅमेरा सुरू केला आणि रिमोटच्या टोकापुढे धरला. मी खटका दाबला. कॅमेऱ्यात जांभळट उजेड लुकलुकताना दिसला! आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा दिसतो. म्हणजे रिमोट चांगला होता. गाडीवरचा दिवाही लागला होता, म्हणजे सेल चांगले होते. मग उरला तो डोळा.

गुरुजींनी गाडी उचलून पडवीच्या सावलीत ठेवली आणि म्हणाले, "आता दाब." गाडी सुसाट सुटली!

तर कारण असे

हा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो. हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधले. त्यांनी लोलकातून ऊन पाडून रंगांचा पट्टा केला आणि तापमापक लाल रंगाच्याही पलीकडे, जिथे काही दिसत नव्हते तिथे ठेवला. तर तिथेही पारा चढला. म्हणजे सूर्याच्या उन्हात हे किरण भरपूर असतात.

रिमोट हेच किरण सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकवून इशारा पाठवतो. सावलीत गाडीचा डोळा तो लुकलुकाट ओळखतो. पण भर उन्हात त्या डोळ्यावर सूर्याचेच किरण इतके पडतात की तो दिपून जातो. दुपारी कोणी लांबून बॅटरी दाखवली तर आपल्याला दिसेल का? तसेच ते. आम्ही मे महिन्यात घरात आणि नंतर पडवीतच सराव केला होता. उन्हात एकदाही पाहिले नव्हते. ही माझी चूक.

मग मी सगळ्यांना ते करूनच दाखवले. गाडी पडवीतून अंगणाकडे सोडली. सावलीच्या रेघेपर्यंत धावली, उन्हात हात-दोन हात गेली आणि थांबली. पहिलीतल्या मुलाने काठीने सावलीत ओढली की पुन्हा चालू. असे पाच-सहा वेळा केले. आता हसण्याऐवजी पालक रेघेपाशी येऊन वाकून पाहू लागले. नंतर आम्ही डोळ्यावर काळ्या कागदाची टोपी बसवली, तेव्हा उन्हातही चार-पाच पावलांवरून गाडी ऐकू लागली.

रेडिओ लहरींवर चालणाऱ्या गाडीला ही अडचण येत नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. लेगोनेही २००२ साली रेडिओवरची एक रेस बग्गी काढली होती. आता २०१८ नंतरच्या नव्या सामानात अवरक्त किरणांऐवजी ब्लूटूथ आहे. तेही रेडिओ लहरींवरच चालते. दादाचे सामान जुने, म्हणून ते उन्हाला भिते.

दोनशे तेरा

घरी येऊन तुकडे मोजले, तर दोनशे तेरा! चाक आसावरून निसटू नये म्हणून लावलेली करड्या रंगाची एक बारीक कडी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी, मैत्रीण आणि आजोबा शाळेत आलो. आजोबांनी आजीची चाळण आणली होती. गाडी फिरली तिथली माती आम्ही तासभर चाळली. कडी सापडली नाही.

आजोबांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा आणला, त्यातून चार मिलिमीटरची चकती कापली आणि आसावर चढवली. घट्ट बसली. चाक हलेना.

तरी अट मोडली होती. मी दादाला फोन करून खरे ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ती ट्यूब काढू नकोस. तशीच असू दे. मोजताना ती धरून दोनशे चौदा."

रात्री जेवताना आजोबांनी विचारले, "तो सुतार कुठल्या गावचा म्हणालीस?" मी म्हटले, "बिलुंड." ते म्हणाले, "हुशार माणूस." आणि भाकरी मोडली.

तुम्हाला करायचे असेल तर

ठोकळेच पाहिजेत असे नाही. जुन्या खेळण्यातली मोटार, पुठ्ठा, बाटलीची झाकणे आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांचीही गाडी होते. लक्षात एवढे ठेवा: आस दोन्हीकडून धरा, तिरकी पट्टी द्या, वजन कमी ठेवा, वेगाची हाव धरू नका. आणि जिथे दाखवायची असेल तिथेच आधी चालवून पाहा.

जाता जाता एक कोडे. मोटारीवर ३६ दात्यांचे चाक आणि गाडीच्या चाकावर १२ दात्यांचे बसवले, तर वेग किती पट होईल? जोर किती उरेल? आणि ती दोन चाके किती भोकांच्या अंतरावर बसतील? उत्तर कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी